अर्ध्या टप्प्याचं विमान

मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांत, वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन विमानतळांमधलं अंतर आहे २.७ किलोमीटर. अख्खा प्रवास मुंबईच्या एका धावपट्टीवर मावेल आणि वर जागा उरेल. जगातली सगळ्यांत छोटी नियमित प्रवासी विमानफेरी ती हीच. १९६७ पासून लोगनएअर ही कंपनी ती चालवते. वेळापत्रकात वेळ दिलीय दोन मिनिटं. स्टुअर्ट लिंकलेटर नावाच्या वैमानिकाने हे अंतर ५३ सेकंदांत कापलं होतं, तो विक्रम मानला जातो.

मी एडिंबरात राहते. यंदा जूनमध्ये अण्णा साताऱ्याहून आले होते. अण्णांची उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेली. त्यामुळे किल्ले, तळी, संग्रहालयं यांत त्यांचं मन फार रमत नाही. गाडी किती वाजता सुटते, वाटेत कुठे थांबते आणि तिकीट किती, हे मात्र ते कुठल्याही देशात विचारतात. त्यांना मी या विमानाबद्दल सांगितलं, तर आधी विश्वास बसेना.

"२.७ किलोमीटर? अगं, आपला एक टप्पा सहा किलोमीटरचा. हे अर्ध्या टप्प्याचंसुद्धा नाही."

एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं आणि टप्पा सहा किलोमीटरचा, हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगितलं. मग कागद घेऊन त्यांनी हिशोब केला. दोन मिनिटांत २.७, म्हणजे ताशी ८१ किलोमीटर. "एवढी तर शिवनेरी पण जाते एक्सप्रेसवेवर."

मी गंमत म्हणून दोन विमानतळांमधलं अंतर आणि वेळ सांगणाऱ्या एका साइटवर हीच जोडी टाकून पाहिली. उत्तर आलं, अर्धा तास. या साइटी बहुधा अंतराला ताशी आठशेने भागतात आणि चढण्या-उतरण्याचे म्हणून अर्धा तास वर टाकतात. मुंबई-लंडनला हे गणित बऱ्यापैकी जुळतं, इथे पार आडवं होतं. अण्णा म्हणाले, जाऊन बघू. तिकिटं काढली.

पहिला दिवस : एडिंबरा ते किर्कवॉल

सरळ रेषेत सुमारे ३३५ किलोमीटर, सव्वा तास. पंख्यांचं विमान, खिडकीतून खाली सगळा स्कॉटलंड, नंतर समुद्राची एक पट्टी आणि मग हिरवीगार, सपाट बेटं. झाडं जवळजवळ नाहीतच. वारा टिकू देत नाही.

किर्कवॉल हे ऑर्कनीचं मुख्य गाव. गावाच्या मधोमध सेंट मॅग्नस कॅथीड्रल आहे, लाल आणि पिवळसर वालुकाश्मातलं. बांधायला सुरुवात झाली ११३७ मध्ये. आत शिरल्यावर अण्णांनी टोपी काढली, एका खांबावर हात ठेवला आणि "दगड मऊ आहे, पण टिकलाय" एवढंच म्हणाले.

रात्रीच्या जेवणाला बेअर बॅनक मिळाले. बेअर म्हणजे इथल्या जवाचा जुना वाण. ऑर्कनीत तो अजून पिकवतात आणि बर्सी गावाजवळच्या पाणचक्कीवर दळतात. त्याची जाड, गोल, तव्यावर भाजलेली करड्या रंगाची भाकरीच ती. चव किंचित कडसर, मातकट. अण्णांनी पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली. लोणी, चटणी आणि बॅनक. वाढणाऱ्या मुलीने चटणीची चव मागितली, डोळ्यांत पाणी आलं तरी परत मागितली. अण्णा खूश.

खरी पंचाईत झाली ती दिवेलागणीची. जूनअखेरीला इथे सूर्य रात्री साडेदहाच्या सुमाराला मावळतो आणि चारला परत उगवतो. मधल्या वेळातही पुरता काळोख होत नाही. अण्णा रोज तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणतात. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, ऊन आपलं भिंतीवर तसंच. शेवटी घड्याळ सातारच्या वेळेवर धरून त्यांनी प्रश्न मिटवला, तर तिथे उत्तररात्र झालेली. मग आहे त्या उजेडात म्हणून टाकली.

(जूनमध्ये जाणार असाल तर डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या. आणि जून असला तरी थंडीचे कपडे न्या. दुपारी बारा-तेरा अंश होतं, वाऱ्यात आठ वाटत होतं. अण्णांची कानटोपी परत येईपर्यंत उतरली नाही.)

दुसरा दिवस : वेस्ट्रे

किर्कवॉलहून वेस्ट्रेला विमानानेही पंधरा मिनिटांत जाता येतं. आम्ही मुद्दाम बोटीने गेलो, दीड तास. विमानाची मजा एकाच टप्प्यासाठी राखून ठेवायची होती.

बोट बेटाच्या दक्षिण टोकाला लागते. तिथून जवळच कासल ओ बरिअन नावाचा समुद्रातला एक सुटा कडा आहे, किनाऱ्यापासून हातभर अंतरावर, आणि त्याच्यावर पफिन. रंगीत चोचीचे, पांढऱ्या पोटाचे, चालताना डुलणारे. मे ते जुलै ते इथे बिळं करून राहतात, एरवी सगळा काळ समुद्रावर. एक पफिन चोचीत आठ-दहा बारके मासे आडवे धरून आला, बिळाच्या तोंडाशी थांबला, आमच्याकडे बघितलं आणि आत गेला. अण्णा गवतावर पालथे झोपून बघत होते. तासभर हलले नाहीत. त्यांना हे सगळं मनोमन आवडलं होतं, पण त्यांनी मान्य केलं असतं तर ते अण्णा कसले.

पिअरोवॉल गावातल्या छोट्या संग्रहालयात जेमतेम चार सेंटिमीटर उंचीची एक दगडी बाई आहे, पाच हजार वर्षांपूर्वी कोरलेली. २००९ मध्ये इथल्याच वाळूत खोदताना सापडली. दोन ठिपके डोळ्यांचे, वर भुवयांच्या रेषा. एवढीशी वस्तू, पण काचेपुढून पाय निघत नाही. नोल्टलंड किल्लाही पाहिला. सोळाव्या शतकातला, भिंतींना बंदुकीसाठी भोकंच भोकं. बांधणाऱ्याला शत्रू फार असणार.

संध्याकाळी हॅडॉक आणि बटाट्याचे काप. मासा सकाळी पाण्यात होता, हे सांगावं लागलं नाही.

आमच्या शेजारच्या टेबलावर एक म्हातारे शेतकरी होते. उद्या विमानाने पापा वेस्ट्रेला जाणार म्हटल्यावर हसले. "पर्यटक ते विमान बघायला येतात. आमच्यासाठी ती डॉक्टरची, शिक्षकांची गाडी आहे." दोन्ही बेटांमध्ये प्रवासी बोटही आहे, तिला पंचवीस मिनिटं लागतात. पण हिवाळ्यात समुद्र खवळला की बोट अडते.

मी हे अण्णांना मराठीत सांगितलं. ते लगेच म्हणाले, "म्हणजे आडगावची फेरी. तोट्यात चालते, पण बंद करता येत नाही." शेतकऱ्याला याचं इंग्रजी करून सांगितल्यावर त्याने अण्णांशी हात मिळवला. या फेऱ्यांना सरकारी मदत मिळते, तिच्याशिवाय एवढ्या लहान बेटांवर विमान परवडणार नाही.

तिसरा दिवस : ती दोन मिनिटं

सकाळी धुकं. समुद्रावरून सरकत आलेलं, दाट, ओलं. विमानतळ गावापासून गाडीने दहा मिनिटांवर, बेटाच्या ईशान्य टोकाला. विमानतळ म्हणजे एक लहानशी इमारत, वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी पिशवी, अग्निशमनाची गाडी आणि गवतात आखलेल्या, जेमतेम पाचशे मीटर लांबीच्या खडीच्या धावपट्ट्या. इथे वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. मोठ्या विमानतळांवर यंत्रांच्या भरवशावर धुक्यात उतरतात, तसं इथे चालत नाही. विमान किर्कवॉलहूनच निघालं नव्हतं.

दोन तास बसलो. दोन मिनिटांच्या प्रवासासाठी दोन तास. मला चुळबूळ होत होती. अण्णा निवांत. "घाटात दरड पडली की आम्ही काय करायचो? बसायचो."

तिथे ड्युटीवर असलेल्या बाई सामानही तोलत होत्या आणि गरज पडली तर आग विझवण्याचं कामही त्यांचंच. त्यांनी आमचं वजन विचारलं. अण्णांनी सांगितलं त्यात मी मनात चार किलो मिळवले. हे विमान ब्रिटन-नॉर्मन आयलंडर जातीचं, दोन पंख्यांचं, आठ-नऊ प्रवाशांचं. वजन नीट वाटलं नाही तर तोल जातो, म्हणून कोण कुठे बसणार ते तेच ठरवतात. मधून चालायला जागाच नाही. बाजूचे दरवाजे उघडून जीपमध्ये चढावं तसं आपापल्या ओळीत चढायचं. वैमानिक एकटाच असतो, आणि त्याच्या शेजारची सीटही प्रवाशाला देतात.

ती अण्णांना मिळाली.

धुकं अकराच्या सुमाराला फाटलं आणि दक्षिणेकडून विमानाचा आवाज आला. उतरलं, दोन जण उतरले, एक खोकं उतरलं, आम्ही चढलो. आणखी एक शिक्षिका होत्या, मांडीवर वह्यांचा गठ्ठा. एवढ्यात इंजिनं सुरू झाली. मागे माझ्या सीटपर्यंत सगळं थरथरत होतं. वैमानिकाने मागे वळून अंगठा दाखवला. अण्णांचा उजवा हात सवयीने वर गेला, दोरी शोधायला. डबल बेल द्यायची होती त्यांना.

चाकं सुटली तेव्हा मी मोबाइलवर वेळ लावली. खाली खडी, मग लगेच गवत, काळ्या दगडांचा किनारा, फेसाची एक रेघ, आणि पाणी. निळं-हिरवं आणि इतकं जवळ, की खालच्या शेवाळाचे पट्टे दिसत होते. सील दिसतात का बघावं म्हणून मी मान वाकवली तोवर पलीकडचा किनारा खाली आलाही. शिक्षिकाबाईंनी पहिल्या वहीचं पान उलटलं नव्हतं. इंजिनाचा आवाज उतरला, कुंपणावरून गेलो, गायींनी माना वर केल्या, आणि चाकं टेकली.

एक मिनिट पस्तीस सेकंद.

उतरल्यावर अण्णांनी वैमानिकाला माझ्यामार्फत एकच प्रश्न विचारला : रोज वेळ वेगवेगळी का येते? त्याने फार छान समजावलं. पापा वेस्ट्रे वेस्ट्रेच्या जवळजवळ थेट पूर्वेला आहे. आज वारा आग्नेयेकडून, मंद. विमान नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उडतं, म्हणून आज पूर्वेकडेच उडालं आणि सरळ आलं. जोरदार पश्चिमी वारा असता तर तो पाठीमागून ढकलणारा, म्हणजे फायद्याचा वाटेल. पण उड्डाणच पश्चिमेकडे तोंड करून करावं लागतं, मग वळसा घालून यायचं, उतरतानाही परत वळसा. लांबच्या प्रवासात पाठचा वारा वेळ वाचवतो. इथे तोच वारा वेळ खातो.

मुंबई-लंडनचं अण्णांनी नुकतंच अनुभवलं होतं. सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. पश्चिमेकडे येताना उंचावरचा वारा समोरून, म्हणून साडेनऊ-दहा तास, परत जाताना साधारण तासभर कमी. वाटेतलं एखाद्या देशाचं आकाश बंद असलं तर आणखी वाढतात. म्हणजे किलोमीटर तेच, वेळ मात्र दिशेवर. "अंतर नकाशाचं असतं, वेळ गाडीची असते," अण्णा म्हणाले, आणि वैमानिकाला शेंगदाण्याची चटणी देऊ केली. त्याने घेतली नाही. उडायचं होतं त्याला.

*जाणाऱ्यांसाठी थोडं :* किर्कवॉलहून पापा वेस्ट्रेला थेट जाणारी विमानंही असतात. तिकीट काढताना मधला वेस्ट्रेचा थांबा आहे का ते विचारून घ्या, नाहीतर इतक्या लांब जाऊन नेमका हाच टप्पा चुकेल. शनिवार-रविवारी दोन्ही दिशांना विमान मिळेलच असं नाही. जागा मोजक्या, उन्हाळ्यात लवकर भरतात. सामान अगदी कमी ठेवा. आणि त्याच दिवशीचं पुढचं मोठं विमान कधीही घेऊ नका, धुकं कुणाला विचारून येत नाही.

पापा वेस्ट्रेवर माणसं शंभराच्या आत. एक दुकान, ते गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं. त्याच आवारात प्रवाशांची राहायची सोय. दुकान दिवसभर उघडं नसतं, तेव्हा वेळ विचारून ठेवा. आम्ही दूध, अंडी आणि कांदे घेतले, आणि अण्णांनी सामायिक स्वयंपाकघरात पोळा केला. एका जर्मन सायकलस्वाराने त्याची कृती लिहून घेतली.

दुपारी नॅप ऑफ हाउअर. समुद्राकाठी गवतात अर्धी बुडालेली दगडी घरं, दोन, एकमेकांना खेटून, मधून वाकून जायची बोळ. ख्रिस्तपूर्व ३७०० च्या सुमाराची. वायव्य युरोपात उभी असलेली यांच्याइतकी जुनी दगडी घरं क्वचितच. तिकीट नाही, पहारेकरी नाही, आत जाता येतं. अण्णा वाकून गेले ते बराच वेळ बाहेर येईनात. बघितलं तर उकिडवे बसून एका खोलगट दगडावर तळवा फिरवत होते.

"पाटा आहे हा. बघ, इथे झिजलाय. बाई उजव्या हाताची होती."

ती उजव्या हाताची होती की नाही, देव जाणे. पण तो दगड धान्य दळायचाच आहे, हे खरं.

चौथा दिवस : उत्तरेची टेकडी

बेटाचं उत्तर टोक पक्ष्यांसाठी राखीव आहे. तिथे जाताना हातात काठी न्या आणि ती डोक्यावर उंच धरा. आर्क्टिक टर्न घरटी जमिनीवर करतात आणि जवळ येणाऱ्याच्या टाळूवर थेट झेप घेतात; ते सगळ्यांत उंच गोष्टीवर चोच मारतात, म्हणून काठी. विणीच्या दिवसांत ठरलेली वाट सोडू नका, अंडी पायाखाली येतात.

अण्णांची कानटोपी इथे कामी आली. एका टर्नने दोनदा टोचलं. पांढरा, काळ्या टोपीचा, लाल चोचीचा, शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाचा पक्षी. हा इथे उन्हाळा काढतो आणि मग अंटार्क्टिकाला जातो, तिथला उन्हाळा काढायला. ग्रीनलंडमधल्या टर्नना बारीक यंत्रं लावून मोजलं तेव्हा वर्षाचा प्रवास सरासरी ७०,००० किलोमीटर निघाला. सरळ जात नाहीत ते. वारा जिकडून मदत करेल तिकडून, अटलांटिकवर मोठी वळणं घेत जातात. एवढा लांबचा स्थलांतराचा प्रवास दुसरा कुठलाही पक्षी करत नाही, आणि तो राहतो कुठे, तर माणसाची सगळ्यांत छोटी विमानफेरी जिथे उतरते त्या बेटावर.

तिथल्याच एका कड्यावर एक स्मारक आहे, ग्रेट ऑकचं. पेंग्विनसारखा दिसणारा, न उडणारा मोठा समुद्रपक्षी. इथला शेवटचा १८१३ मध्ये मारला गेला, संग्राहकाला हवा होता म्हणून. १८४४ मध्ये आइसलँडजवळ उरलीसुरली जोडी मारली आणि जात संपली. उडता आलं असतं तर कदाचित वाचला असता. अण्णा तिथे काही बोलले नाहीत.

दुपारी परतीचं विमान. वारा फिरला होता. पश्चिमेचा, चांगला झोंबरा. विमान वेस्ट्रेला एक प्रवासी घ्यायला थांबणार असं कळल्यावर अण्णांचा चेहरा खुलला, कारण आता उलट दिशेचीही वेळ मोजता येणार. मागणी असेल तर थांबा, नसेल तर थेट. "विनंती थांबा," ते म्हणाले. या वेळी तोंड पश्चिमेलाच, त्यामुळे वळसा नाही, पण वारा समोरून ढकलत होता. विमान जागेवर टांगल्यासारखं वाटत होतं. दोन मिनिटं दहा सेकंद. मग किर्कवॉलपर्यंत ४४ किलोमीटर, खाली एकामागून एक बेटं, प्रत्येकावर चार-दोन घरं आणि एक धक्का.

रात्री किर्कवॉलला मुक्काम. अण्णांनी साताऱ्याला त्यांच्या डेपोतल्या जुन्या मित्राला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण रात्रपाळीची सवय असलेली माणसं ही. फोन स्पीकरवर होता.

"दोन मिनिटांसाठी एवढा खर्च?" मित्र म्हणाला.

"दोन नाही," अण्णा म्हणाले. "जाताना एक पस्तीस, येताना दोन दहा. वाऱ्यावर असतं ते. आणि ऐक, तिथे एक पक्षी आहे..."

तो पक्षी पाऊण तास चालला.